माडावरचा कोळी

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील एखाद्या वाडींत नारळ उतरविण्याच्या दिवशीं जो कोणी उभा राहील, त्यास खालीं पडलेल्या राशींत कांहीं फळें अशीं दिसतील कीं, पन्नास वर्षांपूर्वींच्या बागायतदारास तीं नारळाचीं म्हणून ओळखतांना क्षणभर विचार पडला असता. देठाच्या टोपीखालून निघालेला तपकिरी, खरबरीत, उभा भेगाळलेला डाग फळाच्या कमरेपर्यंत उतरलेला असतो. कोठें त्या भेगांतून डिंक ओघळून वाळलेला असतो. कोठें फळ एका अंगानें आंखडून वांकडें झालेलें असतें. असा नारळ हातीं आला कीं सोलणारा गडी कुरकुरतो, कारण त्याचें सोडण सहज सुटत नाहीं. आंत खोबरें कमी भरतें. काथ्याचा धागा आंखूड व कुचकामाचा निघतो. व्यापारी नारळ नगावर घेतो खरा, पण राशींतून लहान व डागी फळ बाजूस काढण्यास तो कधींच विसरत नाहीं. तेव्हां ज्याच्या वाडींत तीस-चाळीस माड आहेत आणि वर्षाचा किराणा ज्यास त्यांवरच भरावयाचा आहे, त्याच्या दृष्टीनें हा डाग म्हणजे फळावरील नुसती कुरूपता नव्हे.

हा डाग ज्याचा, तो एक कोळी आहे. कोळी हा शब्द वाचून किनाऱ्यावरील वाचकांस होडी आणि जाळें आठवेल, व देशावरील वाचकांस आढ्याला जाळें विणणारा आठ पायांचा प्राणी. आम्हांस येथें अभिप्रेत असलेला कोळी या दुसऱ्याचा दूरचा भाऊबंद होय. मात्र तो जाळें विणीत नाहीं आणि त्यास पायहि चारच असतात. शास्त्रज्ञांनीं त्यास ॲसेरिया गेरेरोनिस असें नांव दिलें आहे. त्याची लांबी सुमारें पाव मिलिमीटर आणि रुंदी त्याच्या पांचव्या हिश्शाएवढी. नुसत्या डोळ्यांस तो दिसत नाहीं. भिंगाखालीं पाहिला तर पांढुरका, पारदर्शक, अळीसारखा लांबोडा दिसतो. अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास त्यास सात ते दहा दिवस पुरतात. यावरून एका कोळ्याचे महिनाभरांत किती होतील, याचा हिशेब वाचकांनींच करून पाहावा.

पण त्याचें खरें बळ त्याच्या संख्येंत नाहीं, तें त्याच्या बिऱ्हाडांत आहे. नारळाच्या फळास देठाकडे कठीण, एकमेकांवर बसलेल्या पाकळ्यांची एक टोपी असते, हें सर्वांनीं पाहिलें आहे. या टोपीखालील फळाचा भाग कोंवळा, पांढरा व रसाळ असतो, आणि फळ वाढतें तें याच भागांतून. बोंड धरून महिना होतो न होतो तोंच वाऱ्यावर उडत आलेला कोळी या पाकळ्यांच्या फटींतून आंत शिरतो आणि त्या कोंवळ्या पेशींतील रस शोषूं लागतो. पुढील दोन-तीन महिन्यांत एकेका फळाखालीं त्यांची वस्ती हजारोंवर जाते. जी पेशी शोषिली गेली ती मरते. फळ वाढतें तसा तो मेलेला पट्टा टोपीबाहेर सरकतो. प्रथम पांढरा त्रिकोण दिसतो, मग तो तपकिरी होतो, आणि फळ फुगेल तसा फाटतो. म्हणजे आपणांस जो डाग दिसतो तो जुन्या गुन्ह्याची खूण असते. गुन्हेगार त्या वेळीं वरच्या, अधिक कोंवळ्या घडाकडे गेलेला असतो. चार महिन्यांपुढील फळांत त्याची वस्ती उतरणीस लागते. ही एवढी गोष्ट नीट ध्यानांत ठेविली म्हणजे पुढील सर्व इतिहास समजण्यास सोपा जातो.

हा प्राणी आमच्या किनाऱ्याचा नव्हे. त्याची कुळकथा सांगावयाची तर आरंभ नारळाच्याच प्रवासापासून केला पाहिजे. वास्को द गामाचीं जहाजें १४९९ मध्यें लिस्बनला परतल्यावर थोड्याच काळांत पोर्तुगीजांनीं हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरील नारळ आफ्रिकेच्या पश्चिमेस असलेल्या केप व्हर्ड बेटांत नेऊन लाविला. तेथून तो अटलांटिक ओलांडून पोर्तो रिको बेटांत आणि सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ब्राझिलांत पोंचला. त्यापूर्वीं अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर माड नव्हता. २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत जगांतील १३०० हून अधिक माडांचीं आनुवंशिक द्रव्यें ताडून पाहण्यांत आलीं. त्यांत माडांचीं दोन मोठीं कुळें स्पष्ट दिसलीं, एक पॅसिफिकचें आणि दुसरें हिंदी महासागराचें, आणि अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरील माड या दुसऱ्या कुळांतील निघाले. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरील माडाची गोष्ट निराळी. तो तेथें फिलिपाईन्सकडून स्पॅनिश गलबतांतून गेला. त्याच गलबतांतून गेलेल्या खलाशांनीं तेथील लोकांस माडाची ताडी काढण्यासहि शिकविलें, आणि ती विद्या मेक्सिकोंत अद्यापि जिवंत आहे. असो.

माड अशा रीतीनें परदेशीं गेला, तेथें त्याची वस्ती वाढली, आणि तेथें त्यास हा कोळी लागला. १९६५ मध्यें कीफर या अमेरिकन शास्त्रज्ञानें या कोळ्याचें पहिलें शास्त्रीय वर्णन केलें. नमुने मेक्सिकोंतील गेरेरो प्रांतांतून आले होते, म्हणून नांव गेरेरोनिस. फिलिपाईन्सचीं गलबतें ज्या बंदरास लागत, तें आकापुल्को याच प्रांतांत आहे. त्याच दशकांत हा कोळी पश्चिम आफ्रिकेंत आढळला. पुढें २००५ मध्यें निरनिराळ्या खंडांतील कोळ्यांच्या आनुवंशिक तुलनेवरून असें दिसून आलें कीं, अमेरिकेंतील कोळ्यांत आपसांत पुष्कळ भेद आहेत, तर आफ्रिका आणि आशिया येथील कोळी जवळजवळ एकाच सांच्याचे आहेत. ज्या देशीं एखाद्या प्राण्याचें घराणें जुनें, तेथें त्याच्या शाखा पुष्कळ. जेथें तो नुकता गेला, तेथें एकच शाखा. यावरून त्याचें मूळ घर अमेरिकेंत, बहुधा ब्राझिलच्या बाजूस, असलें पाहिजे, आणि तेथील दुसऱ्या कोणत्या तरी ताडवर्गी झाडावरून तो परक्या माडावर चढला असावा, असें अनुमान शास्त्रज्ञांनीं काढलें. पोर्तुगीजांनीं आमच्या महासागरांतून जें झाड नेलें, त्याच झाडाचा तेथें जोडलेला शत्रु साडेचार-पांचशें वर्षांनीं आमच्या दारीं आला.

१९९७ च्या अखेरीस तो श्रीलंकेच्या कल्पिटिय द्वीपकल्पांत दिसला, आणि १९९८ मध्यें केरळांतील एर्नाकुलम जिल्ह्यांत त्याची ओळख पटली. पुढील कांहीं वर्षांत तो तामिळनाडु, कर्नाटक व गोवा व्यापून सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत पोंचला. किनाऱ्यावर माडांची रांग तुटतच नाहीं आणि वारा कधीं थांबत नाहीं, तेव्हां त्यास अडविणारें असें वाटेंत कांहींच नव्हतें.

केरळांत पहिल्या दोन-तीन वर्षांत जी घबराट उडाली तिचें वर्णन करण्याची गरज नाहीं. नारळावर ज्या प्रांताचें पोट आहे तेथें ती उडणें साहजिक होतें. घाबरलेला मनुष्य हाताशीं असेल तें शस्त्र उचलतो. हाताशीं होतें विष. डायकोफॉलचा फवारा मारावा, मोनोक्रोटोफॉस किंवा ट्रायझोफॉस मुळांवाटे पाजावें, असे सल्ले देण्यांत आले. मुळांवाटे पाजणें म्हणजे माडाचें एक पेन्सिलीएवढें जाड, जिवंत मूळ शोधून तें तिरकें कापावयाचें आणि औषधाची लहान पिशवी त्यास बांधावयाची. झाड रसाबरोबर तें विष वर ओढून घेतें. युक्ति चतुराईची आहे यांत शंका नाहीं. पण विष पाजण्यापूर्वीं पक्के नारळ उतरवून घ्यावे आणि पुढें पंचेचाळीस दिवस झाडाचें फळ काढूं नये, असेंहि त्याबरोबर सांगावें लागे. ज्या फळाचें पाणी आपण तापांतून उठलेल्या मनुष्याला आणि तान्ह्या मुलाच्या आईला देतों, त्या फळाच्या झाडास विष पाजावें आणि पंचेचाळीस दिवस मोजीत बसावें, ही कल्पना आम्हांस कधींच रुचली नाहीं. शहाळें विकणारा ते दिवस मोजील, अशी खात्रीहि कोणी देऊं शकत नव्हतें.

आणि ज्या केरळांत हें चाललें होतें, त्याच प्रांताच्या उत्तर टोंकास, कासरगोड जिल्ह्यांत, त्याच वेळीं दुसरें एक प्रकरण उघडकीस येत होतें. तेथील काजूच्या सरकारी लागवडीवर सुमारें वीस वर्षें हवेंतून एंडोसल्फानचे फवारे मारले जात होते. डोंगरउतारावरील गांवांतून मुलांत जन्मजात व्यंगें आणि मेंदूचे विकार दिसूं लागल्याचा बोभाटा झाला, तेव्हां २००० सालीं ती फवारणी थांबली. २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या विषाचें उत्पादन व विक्री देशभर थांबविली. माडावरील कोळ्यासाठीं सुचविलेल्या विषांचीहि पुढें तीच गत झाली: ट्रायझोफॉस २०२० च्या अखेरीस बंद झालें, आणि २०२३ मध्यें डायकोफॉलवर बंदी आली. ज्या औषधांवांचून माड जगणार नाहीं असें सांगितलें जात होतें, तीं गेलीं; माड मात्र जागेवर आहेत.

वस्तुतः कोळ्यावर विष कां चालत नाहीं, हें त्याच्या बिऱ्हाडावरून कोणासहि कळावें. फवारा टोपीच्या बाहेर पडतो, कोळी टोपीच्या आंत असतो. माड साठ फूट उंच. वाऱ्यानें अर्धे थेंब शेजाऱ्याच्या अंगणांत जातात आणि उरलेले खालीं गळतात. रत्नागिरीच्या वाडींत खालीं काय असतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पोफळ, केळ, अननस, मिरीचा वेल, जायफळ, दालचिनी असें सारें माडाच्या सावलींत वाढतें. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रानें हीच जुनी रीत शास्त्रशुद्ध मांडून तिला "लाखी बाग" हें नांव दिलें आणि बागायतदारांत तिचा प्रसार केला. अशा बागेंत वरून विष ओतणें म्हणजे एका पिकाच्या औषधानें पांच पिकांस बाधा करणें होय.

याहून मोठी हानि डोळ्यांस न दिसणारी असते. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेंतील सफरचंदांच्या बागांत डीडीटीचे फवारे सुरू झाले. अळ्या मेल्या, पण पूर्वीं ज्यास कोणी विचारीत नव्हतें तो तांबडा कोळी बेसुमार वाढला. कारण डीडीटीनें त्यास खाणारे प्राणी मारले होते आणि तो स्वतः त्यास फारसा दाद देत नव्हता. कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत पिकेट नांवाचे कीटकशास्त्रज्ञ त्याच दशकांत बागायतदारांस हेंच सांगत होते कीं, फवारा निवडून व थोडा मारा, तुमच्या बागेंतील नैसर्गिक पहारेकरी जगूं द्या. त्यांचें पुष्कळांनीं ऐकलें नाहीं. पुढें १९५८ च्या सुमारास चिलीहून जर्मनींत आलेल्या ऑर्किडच्या रोपांवर एक चपळ, केशरी रंगाचा कोळी सांपडला, जो दुसऱ्या कोळ्यांवरच जगतो. हॉलंडांतील काकडीच्या बागायतदारांनीं तो १९६७-६८ पासून आपल्या कांचघरांत सोडण्यास आरंभ केला, आणि विष थकलें तेथें त्यानें काम केलें. कोळ्यावर उतारा कोळीच, हें तेव्हांपासून व्यवहारांत सिद्ध झालें.

जिवंताचा बंदोबस्त जिवंतानें करण्याची गोष्ट आमच्या देशास तरी नवलाची वाटूं नये. आंब्याच्या झाडावर पानें शिवून घरटीं करणाऱ्या तांबड्या मुंग्या, ज्यांस दक्षिण कोकणांत ओंबील म्हणतात, त्यांचे चावे खाल्ल्याशिवाय कोंकणांतील कोणाचें बालपण संपत नाहीं. चीनमध्यें त्याच जातीच्या मुंग्यांचीं घरटीं संत्र्यांच्या बागांसाठीं बाजारांत विकत मिळत, असा उल्लेख चवथ्या शतकांतील एका ग्रंथांत आहे. फड्या निवडुंगाचें उदाहरण तर घरचेंच आहे. १७९५ मध्यें किरमिजी रंग देणारा किडा म्हणून ब्राझिलहून जो किडा हिंदुस्थानांत आणला गेला, तो भलत्याच जातीचा निघाला. रंगाचा धंदा बुडाला, पण त्या किड्यानें निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. १९२६ मध्यें त्याचाच भाऊबंद श्रीलंकेंतून आणला गेला, आणि त्यानें निवडुंगाच्या दुसऱ्या जातीचीं रानें साफ केलीं. नारळाच्याच बाबतींत बोलावयाचें तर १९२० च्या दशकांत मद्रास इलाख्याच्या पश्चिम किनाऱ्यावर झावळ्या खाणाऱ्या काळ्या डोक्याच्या अळीविरुद्ध परोपजीवी माशा पाळून सोडण्याचे प्रयोग झाले होते. फिजी बेटांत १९२५ मध्यें अशाच एका माशीनें माडांवरील जांभळ्या पतंगाचा उपद्रव दोन वर्षांच्या आंत संपविला.

मात्र या सर्व कथा यशाच्या आहेत, आणि यशाच्याच कथा पुन्हां पुन्हां सांगितल्या जातात. आफ्रिकेंतील कसाव्याच्या हिरव्या कोळ्याची कथा आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. कसावा म्हणजे ज्यापासून साबुदाणा करतात तें कंद. हाहि ब्राझिलांतून आफ्रिकेंत गेला आणि त्याच्या पाठोपाठ १९७१ च्या सुमारास त्याचा कोळी युगांडांत पोंचला. त्यास खाणारे कोळी कोलंबियांतून आणून १९८४ ते १९८८ पर्यंत दहा देशांत सोडले. एकहि जात टिकली नाहीं. मग शोधकांनीं हवामानाचा विचार करून ईशान्य ब्राझिलच्या कोरड्या प्रदेशांत शोध केला आणि तेथील एक जात १९९३ मध्यें बेनिनांत सोडली. ती टिकली, आणि एका देशांतून दुसऱ्या देशांत आपली आपण पसरली. दिवसा ती कसाव्याच्या शेंड्यांतील कोंवळ्या पानांच्या गुंत्यांत लपून राहते आणि रात्रीं बाहेर पडून कोळी खाते. पहिले सारे प्रयत्न फुकट गेले ते भक्षक दुबळा होता म्हणून नव्हे. त्यास तेथील घर मानवलें नाहीं म्हणून.

माडावरील कोळ्याच्या बाबतींत घर म्हणजे ती टोपी. तिच्या फटींत शिरेल असा भक्षक पाहिजे. श्रीलंकेंत आणि दक्षिण हिंदुस्थानांत डागी फळांच्या टोप्या उचकटून पाहतां निओसियूलस कुळांतील दोन जाती आंत बसलेल्या आढळल्या. त्यांतील बराकी ही जात विशेष. तिचें वर्णन अल्जीरियांतील नमुन्यांवरून १९६६ मध्येंच झालें होतें. तिचा माडाशीं असा कांहीं संबंध असेल, हें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नींहि नसावें. तिचें शरीर चपटें व लांबट आहे, आणि त्यामुळें इतर भक्षकांस जेथें डोकें घालतां येत नाहीं तेथें ती शिरते. २००० नंतर ब्राझिलच्या किनाऱ्यावर जो शोध झाला त्यांतहि याच दोन जाती टोपीखालीं सांपडल्या.

येथें एक चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे. निरोगी फळाची टोपी इतकी घट्ट बसलेली असते कीं, तींत उपद्रवी कोळी शिरतो, पण त्याहून मोठा असलेला भक्षक शिरूं शकत नाहीं. २००७ मध्यें श्रीलंका व हॉलंड येथील संशोधकांनीं फळांच्या टोपींतील फट मोजून पाहिली. कोळी लागलेल्या फळाची फट निरोगी फळापेक्षां रुंद झालेली त्यांस आढळली. इतकी, कीं आतां भक्षकास आंत जातां येतें. झाड आपल्या रक्षकासाठीं दार किलकिलें करतें, असें याचें कोणी काव्यमय वर्णन करील. आम्ही तसें म्हणणार नाहीं. दुखावलेला भाग वांकडा वाढल्यानेंहि फट पडूं शकते. परिणाम मात्र तोच, आणि त्यांतच या उपायाची मर्यादाहि आहे. भक्षक आंत जाईपर्यंत कोळ्याची वस्ती शिखरास पोंचलेली असते व डाग पडावयाचा तो पडलेला असतो. म्हणून भक्षक डाग पुसत नाहीं. तो पुढच्या घडाकडे निघणाऱ्या कोळ्यांची संख्या घटवितो. श्रीलंकेंतील नारळ संशोधन संस्थेनें हे भक्षक साठवणीच्या खाद्यांत होणाऱ्या दुसऱ्या एका कोळ्यावर पोसून, वाढवून माडांवर सोडण्याची पद्धत बसविली आणि ती शेतकऱ्यांसहि शिकविली. ज्यास पहिल्याच पावसाळ्यानंतर स्वच्छ फळ पाहिजे, त्याची त्यानें निराशा होईल. ज्यास पांच वर्षांचा हिशेब मांडतां येतो, त्यासाठीं ती आहे.

दुसरा मित्र आहे एक बुरशी. फ्लॉरिडांतील संत्र्यांवरच्या कोळ्यांस पावसाळ्यांत कांहीं तरी मारतें, अशी शंका तेथील संशोधकांनीं १९२४ मध्येंच बोलून दाखविली होती. १९५० मध्यें त्या बुरशीचें वर्णन होऊन तिला हिर्सुटेला थॉम्प्सोनाय हें नांव मिळालें. बंगळूर येथील जैविक नियंत्रणाच्या सरकारी प्रकल्पानें माडावरील मेलेल्या कोळ्यांतून हीच बुरशी वेगळी काढली आणि "मायकोहिट" या नांवानें तिची भुकटी तयार केली. कोठें तिनें चांगलें काम केलें, कोठें अगदींच बेताचें. बुरशीस ओल लागते आणि ऊन सोसत नाहीं. आमच्या पावसाळ्यांत तिला हवी ती ओल भरपूर असते, पण त्या दिवसांत निसरड्या माडावर चढून फवारा मारणार कोण? आणि मार्च-एप्रिलांत चढतां येतें, तेव्हां हवा कोरडी. या अडचणीचें उत्तर प्रयोगशाळेंत नाहीं.

राहतां राहिला कडुनिंब. कासरगोड येथें १९१६ पासून नारळाचें संशोधन चालत आलें आहे. तेथील केंद्रीय संस्थेनें जो उपाय सर्वत्र पोंचविला तो कोणत्याहि घरांत करतां येईल असा आहे. एक लिटर पाण्यास २० मिलिलिटर निंबोणीचें तेल, २० ग्रॅम लसूण वाटून त्याचा रस, आणि तेल पाण्यांत मिसळावें म्हणून ५ ग्रॅम साबण. हें मिश्रण कोंवळ्या घडांतील फळांच्या टोपीवर नेमकें पडेल असें फवारावयाचें, तेंहि वर्षांतून तीनदां. ज्यास चढणें शक्य नाहीं त्यानें निंबोणीपासून काढलेल्या अझाडिरॅक्टिनचें तयार औषध साडेसात मिलिलिटर, तितक्याच पाण्यांत मिसळून, मुळांवाटे पाजावें. युक्ति जुनीच, पण पिशवींत विषाच्या जागीं आतां कडुनिंब आला. भाट्ये केंद्रानेंहि या व अशा उपायांच्या चाचण्या आपल्या माडांवर घेतल्या.

उपाय चांगले आहेत, त्यांत खोट काढण्यासारखें कांहीं नाहीं. पण ते कागदावरून वाडींत उतरतांना एका मनुष्यापाशीं येऊन अडतात, आणि तो मनुष्य म्हणजे माडावर चढणारा. गोव्यांत व तळकोंकणांत त्यास पाडेली म्हणतात. त्याचा मुलगा आज त्याच्या मागें माडावर चढत नाहीं. तो मुंबईस किंवा पुण्यास नोकरीस असतो, आणि त्यास दोष देण्याचा अधिकार खालीं उभें राहून नारळ मोजणाऱ्यांस नाहीं. उरलेले थोडे पाडेली झाडामागें मजुरी मागतात, आणि ती योग्यच असते, कारण वरून पडला तर त्याचा संसार कोण पाहणार? नारळ उतरविण्यासाठींच ज्यास महिना-महिना वाट पाहावी लागते, तो बागायतदार त्यास लसणाच्या पाण्यासाठीं आणखी तीनदां वर कसा पाठविणार? तीस माडांच्या वाडींत तीन फवारण्या म्हणजे नव्वद चढण्या. डागी फळांमुळें होणारें नुकसान आणि या नव्वद चढण्यांची मजुरी यांची तुलना करून पुष्कळ वाडीवाल्यांनीं मुकाट्यानें डाग पत्करले आहेत. त्यांस आळशी किंवा अडाणी म्हणणाऱ्यांनीं ही वजाबाकी एकदां स्वतः करून पाहावी.

याचसाठीं, ज्या उपायांस चढावें लागत नाहीं त्यांकडे आमचें मन ओढ घेतें. भक्षक कोळी आपले आपण चढतात. त्यांस आपण फक्त विषानें मारूं नये, एवढेंच त्यांचें मागणें. माडास वेळच्या वेळीं खत, पालाशाचा भरपूर पुरवठा, निंबोळी पेंड आणि उन्हाळ्यांत पाणी मिळालें तर फळ लवकर भरतें आणि त्याच डागानें होणारें नुकसान कमी होतें. हें काम जमिनीवर उभें राहून करतां येतें. केरळांत पहिल्या वर्षांचा कहर पुढें ओसरला, त्याचें श्रेय कोणा एका औषधास देतां येत नाहीं. टोपीखालचे भक्षक त्या मुदतींत वाढत गेले, ही गोष्ट मात्र तेथील निरीक्षकांनीं नोंदविली आहे.

शेवटचा उपाय सर्वांत मंद आहे. सर्व माडांचीं फळें सारखीं डागत नाहींत, हें ज्यानें राशी पाहिल्या आहेत त्यास ठाऊक असतें. निरनिराळ्या देशांतील निरीक्षणांत असें आढळलें आहे कीं, लांबट व कोनाकोनांच्या फळांच्या टोपींत फटी अधिक पडतात, तर गोल फळावर टोपी सारखी व घट्ट बसते आणि तेथें कोळ्याचा शिरकाव कमी होतो. केरळांत डाग कमी पडणारे माड निवडून त्यांपासून नव्या जाती काढण्याचे प्रयत्न याच निरीक्षणावर उभे आहेत. रत्नागिरीस या बाबतींत एक अनपेक्षित लाभ आहे. काजळी नदी जेथें समुद्रास मिळते तेथें, शहराच्या पलीकडच्या तीरावर, सुरूच्या बनाजवळ भाट्ये केंद्र १९५५ पासून उभें आहे. तेथें गोव्यांतील बाणावलीच्या हिरव्या, गोल फळांच्या माडांतून निवड करून काढलेली "प्रताप" ही जात कोंकण कृषि विद्यापीठानें १९८७ मध्यें प्रसृत केली. ती निवड झाली ती उत्पन्नाकडे पाहून. त्या वेळीं या किनाऱ्यावर कोळ्याचें नांव कोणास ठाऊक नव्हतें. गोल फळ आहे एवढ्यावरून ती जात कोळ्यास दाद देत नाहीं असा निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. परंतु रोपें लावतांना आतां फळाच्या संख्येबरोबर टोपीची बैठकहि पाहिली जावी, असें आम्हांस वाटतें; आणि कोणत्या माडाचीं फळें वर्षानुवर्षें स्वच्छ उतरतात हें पुस्तकापेक्षां पाडेल्यास अधिक ठाऊक असतें, तेव्हां बियाण्याचे नारळ निवडतांना त्यास विचारावें. अशा माडाचा पक्का नारळ जूनमध्यें वाफ्यांत पुरला, तर दुसऱ्या पावसाळ्यांत रोप जागेवर लावतां येतें, आणि उंच जातीचें असेल तर सहा-सात वर्षांनीं त्यास पहिली पोय येते.